डार घराण्याचं वेल्शपण

चिन्मयी घोरपडे वरेंड्याला आली ती पाच गुणांसाठी. ऑस्ट्रेलियात कायम राहायचं तर तेव्हा सरकार गुण मोजायचं, आणि मोठी शहरं सोडून एखाद्या आडगावच्या युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, दोन वर्षं शिकलं की त्यात पाचाची भर पडायची. म्हणून अकाउंटिंगच्या मास्टर्ससाठी आलेल्या चिन्मयीने पहिला महिना सिडनीजवळ ब्लॅकटाउनला काढला आणि मग बस धरून मरे नदीच्या काठचं हे गाव गाठलं. ब्लॅकटाउनला मेतकूट मिळायचं. वरेंड्याला संत्री मिळायची.

तसं ते कागदोपत्री शहर होतं. नदी, नदीवर जुना लोखंडी पूल, एक लांबलचक मुख्य रस्ता, चार चर्च आणि चारही चर्चांना पुरून उरतील एवढे पब. कराडला आई नाव सांगायची तेव्हा शेजारच्या काकूंना वाटायचं, पोरगी परदेशात कुणाच्या तरी व्हरांड्यात राहते. आईने दोनदा खुलासा केला, मग सोडून दिलं.

राहायला ती एका जुन्या घरात होती. तिथे तीन पंजाबी मुलं, एक तेलुगू मुलगी आणि पुण्याचा सलिल, असा गोतावळा होता. सलिल टॅक्सी चालवायचा आणि उरलेल्या वेळात तोच कोर्स करायचा. चिन्मयी सुपरमार्केटचे कॅटलॉग घरोघरच्या पत्रपेट्यांत टाकायची. ढकलगाडी घेऊन दुपारभर उन्हात फिरायचं. गाव सपाट असल्यामुळे दम लागत नसे, कंटाळा मात्र यायचा.

२००९ च्या मार्चमधली गोष्ट. डार स्ट्रीटच्या टोकाच्या घराचं फाटक उघडं होतं आणि आतून एक तांबडं कुत्रं थेट तिच्यावर धावून आलं. ते केल्पी जातीचं होतं, मेंढ्या हाकणारं. मेंढ्या नसल्या की जे दिसेल ते हाकणारं. चिन्मयीचं इंग्रजी त्या क्षणी पळून गेलं.

"ए थांब! थांब म्हणते ना! थांब!"

कुत्रं थांबलं. नुसतं थांबलं नाही, खाली बसलं आणि पुढच्या हुकमाची वाट बघत तिच्या तोंडाकडे बघू लागलं.

व्हरांड्यातून एक उंच म्हातारा उतरून आला. कुत्रं चावलं का, हे त्याने विचारलं नाही.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"काय?"

"टम्ब."

"थांब," चिन्मयी म्हणाली. "थांब म्हणजे स्टॉप. आमच्या भाषेत."

"वेल्श आहे," म्हातारा म्हणाला.

तिला वाटलं, आपल्याबद्दल बोलतोय. "नाही, नाही. मी इंडियन."

"तू नव्हे. शब्द वेल्श आहे. आमच्या घरातली सगळी कुत्री ह्याच शब्दाला थांबतात. माझ्या वडिलांची थांबायची, आजोबांची थांबायची. आजोबा वेल्सहून आले."

चिन्मयीने कॅटलॉग त्याच्या हातात दिला. टॉयलेट पेपर अर्ध्या किमतीत होता.

म्हाताऱ्याचं नाव रॉन डार. गावातलं लोखंडी सामानाचं दुकान तीन पिढ्या त्यांचं होतं. ते विकून रॉन आता गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष झाला होता. बायकोचं नाव शर्ली. शर्लीने आतून सगळं ऐकलं होतं. घाबरलेल्या मुलीला तसंच पाठवणं तिला बरं दिसेना, म्हणून तिने चिन्मयीला आत बोलावून खुर्चीत बसवलं आणि चहा टाकला.

"थोडी बक्री खाणार?"

चिन्मयी शाकाहारी होती. तिने नम्रपणे नको म्हटलं. शर्लीने तरीही बशी पुढे केली. बशीत गव्हाच्या पिठाची, जाडसर, हाताने थापलेली, तव्यावर भाजून मग विस्तवावर फुगवलेली भाकरी होती. कडेला बोटांचे ठसेही होते. वर लोणी आणि साखरेचा पाक घातलेला होता, तेवढं सोडलं तर कराडला कुणी ओळख विचारली नसती.

"ही कोणी शिकवली?"

"सासूबाईंनी. त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी. डारांच्या घरात ही आलीच पाहिजे. वेल्श आहे," शर्ली म्हणाली.

चिन्मयीने दोन खाल्ल्या. त्या दिवसापासून बुधवारी कॅटलॉग संपले की ती डारांकडे चहाला जाऊ लागली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. शर्ली दोन थापायच्या ऐवजी चार थापायला लागली, एवढंच.

वरेंडा त्या वर्षी दीडशे वर्षांचा होत होता. त्यासाठी नदीकाठच्या जुन्या लोकर-गोदामात इतिहास मंडळ नवं प्रदर्शन लावत होतं, आणि रॉन एकदा तिला ते दाखवायला घेऊन गेला. एका लांब भिंतीवर गावातल्या सगळ्या समाजांचे फलक होते. आधी आगबोटींचे कप्तान. मग द्राक्षं लावणारे जर्मन, पब आणि चर्च दोन्ही बांधणारे आयरिश, भाजीवाले चिनी, संत्रीवाले इटालियन. नदीकाठी हजारो वर्षं राहत आलेल्या मूळ लोकांना दाराजवळ, छत्र्या ठेवायच्या जागेशेजारी, एक फळी मिळाली होती. कप्तानांच्या लगेच नंतर खुद्द डार घराणं होतं.

"हे आजोबा. मोर्ली डार. एक घोडा आणि एक गाडी घेऊन आले. नदीकाठच्या मळ्यांवर सुया, कापड, भांडी विकत फिरले, मग दुकान टाकलं. बायको आयरिश, खानावळवाल्याची मुलगी."

फोटोतल्या गृहस्थांना हॅट होती, दाढी होती आणि भुवया जुळलेल्या होत्या. चिन्मयीला ते तिच्या मसूरच्या मोरेमामांसारखे दिसले. मोरेमामांनी हॅट घातली असती तर.

"जरा सावळे दिसतात," ती म्हणाली.

"वेल्समध्ये कोळशाच्या खाणी असतात," रॉन म्हणाला.

त्याने हे इतक्या सरळ तोंडाने सांगितलं की तिने नुसती मान डोलावली. घरी येईपर्यंत मात्र तिच्या डोक्यात ते नाव घोळत राहिलं. मोर्ली डार. मोर्लीडार. मोर्लीधार. पुलाच्या मध्यावर ती थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "मुरलीधर!" समोरून सायकलवर येणाऱ्या बाईने तिला गुड आफ्टरनून केलं.

सलिलला तिने सगळं सांगितलं. तो भात कालवत होता.

"खात्री आहे?"

"अरे, कुत्र्याला मराठी येतं!"

"मग गप बस," सलिल म्हणाला. "इथे कायम राहायचा पीआर मिळेपर्यंत कुणाच्या खानदानात पडायचं नाही. हा माणूस ऐंशीला टेकलाय. सुखाने वेल्श आहे. राहू दे."

"पण मराठी माणूस इथे आला कसा असेल तेव्हा?"

"इथून मुंबईला घोडे जायचे म्हणे बोटीने, फौजेसाठी. घोड्यांबरोबर मोतद्दार यायचे-जायचे. आला असेल एखादा आणि राहिला असेल. आपण नाही का राहत?"

सलिलचं म्हणणं तिला पटलं आणि ती गप्प राहिली. एप्रिल गेला, मे आला. मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या, मुलं रस्त्यावर उतरली, आणि कराडहून रोज फोन येऊ लागला. आई म्हणायची, बाहेर पडू नकोस. चिन्मयी म्हणायची, इथे तसं काही नाही. तसं खरंच नव्हतं. फक्त एकदा, ढकलगाडी घेऊन गोदामासमोरून जाताना, एका गाडीतून कुणीतरी ओरडलं, घरी जा म्हणून, आणि अर्धवट प्यालेल्या कोकचा ग्लास तिच्या पाठीवर येऊन फुटला.

रॉन दारातच उभा होता. तो गाडीमागे चार पावलं धावला, शिव्या दिल्या, मग तिला आत नेऊन नळ दाखवला, आपला स्वेटर दिला. फार चांगला वागला. आणि ती केस पुसत बसलेली असताना, तिची समजूत घालायची म्हणून म्हणाला,

"मनाला लावून घेऊ नकोस. नव्या माणसांना वेळ लागतोच. आमच्यासारखी घराणी इथे कधीची रुजलेली, आणि तुम्ही तर कालची. बरं आठवलं, मंडळाने ठरवलंय, तुमचाही फलक करायचा. दोन ओळी लिहून दे. भारतीय लोक वरेंड्यात दोन हजार सात साली आले, असं काहीतरी."

चिन्मयीने टॉवेल खाली ठेवला.

"दोन हजार सात नाही," ती म्हणाली.

"मग? सहा?"

"साल मला माहीत नाही. ते तुमच्या आजोबांच्या फलकावर आहे."

मग तिने सगळं सांगून टाकलं. थांब म्हणजे काय, भाकरी म्हणजे काय, मुरलीधर हे कृष्णाचं नाव कसं. सांगताना तिचा आवाज चढला होता आणि पाठीवरून कोक ओघळत होतं, त्यामुळे जेवढ्या हळुवारपणे सांगायचं तिने मनात योजलं होतं तेवढ्या हळुवारपणे जमलं नाही.

रॉनने ऐकून घेतलं. भिंतीवरचा फलक थोडा वाकडा होता, तो सरळ केला.

"स्वेटर बुधवारपर्यंत दिलास तरी चालेल," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.

बुधवारी तिने स्वेटर धुऊन, घडी करून त्यांच्या दाराशी ठेवला. दार कुणी उघडलं नाही. कुत्रं जाळीमागून बघत होतं. पुढच्या बुधवारी ती समोरच्या फुटपाथवरून गेली. सलिल 'सांगितलं होतं' असं तोंडाने म्हणाला नाही, पण त्या आठवड्यात त्याने तिला दोनदा युनिला फुकट सोडलं, त्यावरून तिने काय ते ओळखलं. तिला रॉनपेक्षा शर्लीची आठवण जास्त यायची. एका म्हाताऱ्या माणसाकडून आपण त्याचे आजोबा काढून घेतले, आणि बदल्यात त्याला नको असलेले दुसरे दिले, असं तिला वाटत राहिलं.

महिन्याभराने शर्ली गाडी घेऊन घरासमोर उभी राहिली. पंजाबी मुलं घाबरून टीव्ही बंद करून बसली.

"रॉनच्या बहिणीने तुला बोलावलंय," शर्ली म्हणाली. "डॉट. वृद्धाश्रमात असते. रॉनने तिला विचारलं. विचारायला त्याला चार आठवडे लागले."

वृद्धाश्रम नदीच्या वळणावर होता. नव्वदी ओलांडलेली डॉट खिडकीशी गुडघ्यांवर चादर घेऊन बसली होती. रॉन कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. त्याने चिन्मयीकडे पाहिलं नाही.

"ह्याला सांगितलंस ती तूच का?" डॉटने विचारलं.

"सॉरी."

"सॉरी कशाला? एक काम उरकलं माझं. बस."

चिन्मयी बसली.

"आजोबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते," डॉट म्हणाली. "ते हिंदुस्थानातले, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग डॅडना नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. तेव्हा देशात गोऱ्यांचाच कायदा. बापाचा रंग निघाला असता तर कुणी मत दिलं नसतं. एका रविवारी जेवायला बसल्यावर डॅड म्हणाले, आजपासून आपण वेल्श."

"वेल्शच का?" शर्लीने विचारलं. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"गावात वेल्श कुणी नव्हतं. तपासणार कोण?"

मग कोपऱ्यातून रॉनचा आवाज आला. "मला का नाही सांगितलं?"

"तू धाकटा. शिवाय तुझ्या तोंडात तीळ भिजत नसे." डॉटने हे इंग्रजीत म्हटलं, पण अर्थ हाच. "मोठा झाल्यावर सांगू म्हटलं. तर मोठा होऊन तू तो वेल्सचा ड्रॅगनचा झेंडा आणलास आणि शेडमध्ये लावलास. दर वर्षी धुऊन इस्त्री करायचास. मग कुणाला धीर होईना."

रॉनने खाली पाहिलं. चिन्मयीने खिडकीबाहेर पाहिलं.

"एक विचारायचं होतं तुला," डॉट तिच्याकडे वळली. "आजोबा रोज पहाटे नदीत उतरायचे, कमरेइतक्या पाण्यात. थंडीतसुद्धा. ओंजळीत पाणी घेऊन वर धरायचे आणि सोडायचे. ओठ हलायचे. आम्ही विचारलं की आजी सांगायची, मासे मोजताहेत. ते काय करायचे?"

चिन्मयीचे वडील कराडला बँकेत होते. रविवारी सकाळी प्रीतिसंगमावर जायचे, कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात तिथे, आणि हेच करायचे. लहानपणी ती त्यांची चप्पल सांभाळत काठावर बसायची.

"सूर्याला पाणी द्यायचे," ती म्हणाली.

"कशाला?" रॉनने विचारलं.

चिन्मयीने विचार केला. "माहीत नाही. देतात."

रॉनने मान हलवली. हे उत्तर त्याला, का कोण जाणे, कोळशाच्या खाणीपेक्षा पटलेलं दिसलं. मग तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ते नाव पुन्हा सांग. सावकाश."

मुरलीधर म्हणायला त्याला बरेच दिवस लागले. 'ध' पाशी गाडी अडायची. चहा पिताना, फाटकाला तेल घालताना तो मर्लीडा, मर्लीढा करत राहायचा आणि कुत्रं कान टवकारायचं.

मंडळाच्या बैठकीत मात्र वादळ झालं. पत्रकं छापून झाली होती, त्यात मोर्ली डार वेल्श होते. सेक्रेटरीबाईंचं म्हणणं, खात्रीलायक पुरावा नसताना इतिहास बदलता येत नाही. रॉनने विचारलं, वेल्सचा कोणता पुरावा होता? त्यावर बाई म्हणाल्या, त्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती. मग फलक कुठे लावायचा यावर चर्चा झाली. कप्तानांच्या शेजारी ठेवायचा, की शेवटी 'नुकतेच आलेले' या सदरात हलवायचा? सगळे बोलून दमल्यावर रॉन शिडी घेऊन आला. डारांचा फलक त्याने जागेवरच ठेवला, त्यातलं वेल्स खोडून भारत लिहिलं आणि खाली चिन्मयीच्या दोन ओळी लावल्या. 'गाव माहीत नाही' हे तिने मुद्दाम लिहिलं होतं. रॉनने आधी सुचवलं होतं की तूच एखादं गाव निवड, बरं असेल ते. ती म्हणाली, गाव असं निवडता येत नाही. शिडी मांडलेलीच होती, म्हणून छत्र्यांजवळची फळीही त्याने काढली आणि भिंतीच्या सुरुवातीला, कप्तानांच्या आधी नेऊन ठोकली. याबद्दल बैठकीत चर्चा झालेली नव्हती.

उद्घाटनाला अर्धं गाव होतं. अध्यक्ष म्हणून रॉन बोलायला उभा राहिला. त्याने जुना सूट घातला होता.

"माझ्या आजोबांचं नाव मुरलीधर," तो म्हणाला. 'ध' बऱ्यापैकी आला. "आडनाव माहीत नाही. डार हे त्यांच्या नावाचंच शेपूट आहे. ते भारतातून आले. भीतीपोटी आम्ही सत्तरहून जास्त वर्षं वेल्सचं नाव सांगितलं. मी वेल्सची माफी मागतो."

आणि तो खाली बसला.

आधी कुणालाच टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना. डॉटला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, तिने पहिली वाजवली. मग संत्रीवाले इटालियन, मग मागे उभी असलेली पंजाबी मुलं, त्यांनी शिट्ट्याही मारल्या. डारांचा एक पुतण्या केक न खाता निघून गेला आणि त्याने पुढे नाताळचं कार्डही पाठवलं नाही. चिन्मयी गोदामाच्या मोरीत जाऊन कपबशा विसळू लागली. कपबशा स्वच्छच होत्या. थोड्या वेळाने सलिल आला, त्याने काही न विचारता फडकं घेतलं आणि शेजारी उभा राहून त्या पुसू लागला.

डॉट त्याच हिवाळ्यात, ऑगस्टच्या अखेरीस गेली. जानेवारीत रॉन आणि शर्लीने भारताची तिकिटं काढली. ताजमहाल बघायचा का, असं चिन्मयीने विचारलं. रॉन म्हणाला, त्याच्याशी आमचा काय संबंध? त्याला नदी बघायची होती, आणि जी माहीत होती ती एकच, चिन्मयीने सांगितलेली तिच्या वडिलांची. म्हणून दोघं थेट कराडला तिच्या आईवडिलांकडे जाऊन राहिले. चिन्मयीला रजा नव्हती. ती परीक्षा देत होती आणि रात्री फोनची वाट बघत होती.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला.

"कसं चाललंय?" चिन्मयीने विचारलं.

"बरं चाललंय. ती शर्ली गुणी आहे गं. काल माझ्याबरोबर मंडईत आली. म्हातारा घरात स्वस्थ बसत नाही. परवा नळ दुरुस्त केला, काल कपाटाची बिजागरी. आता शेजारच्या काकूंनी मिक्सर आणून ठेवलाय."

"आणि बाबा?"

"ते दोघं रोज सकाळी संगमावर जातात. ह्यांना इंग्रजी बोलायचा संकोच, त्याला मराठी येत नाही. जातात गप्प आणि येतात गप्प. पण जमतं बघ त्यांचं."

"पाण्यात उतरला का?"

"तीन दिवस काठावरच उभा होता. आज उतरला. ह्यांनी हात धरला होता, दगड निसरडे आहेत ना. परत आले तर दोघांचे डोळे लाल. मी विचारलं तर हे म्हणतात, पाणी गेलं डोळ्यात."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"चिनू, परत कधी निघणार आहेत गं ते?"

"शुक्रवारी. का? त्रास होतोय का तुला?"

"छे गं, त्रास कसला," आई म्हणाली. "गच्चीचा दरवाजा घासतोय पावसाळ्यापासून. तेवढा बघायला सांगशील का त्याला? तुझ्या इंग्रजीत."